४ फुटी टाकीला मागच्या काचेत होल मारायचंय, काच तडकणार नाही ना?

गप्पी_पुणेकर
नमस्कार मंडळी. पोस्ट जरा मोठी आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला सल्ला देता येणार नाही म्हणून लिहितोय. माझ्याकडे ४ बाय दीड बाय २ फुटाची माशांची टाकी आहे, ओळखीतल्या एकांकडून सेकंडहँड घेतलेली, मागची पुढची काच १० एमएम आणि तळ १२ एमएम. आत सहा ओरांडा गोल्डफिश आहेत, खाली २ फुटी संप (फिल्टर आणि पंप असलेली खालची छोटी टाकी). आत्तापर्यंत टाकीच्या काठावर अडकवायचा सायफनवाला ओव्हरफ्लो बॉक्स (वरचं जादा पाणी संपमध्ये उतरवतो तो) वापरत होतो. आमच्याकडे गुरुवारी बऱ्याचदा लाइट जाते हे पुण्यातल्यांना माहितीच आहे. मागच्या महिन्यात लाइट गेली, सायफनमध्ये हवा शिरली, आणि लाइट आल्यावर पंपाने संपमधलं सगळं पाणी वर ढकललं पण खाली यायला रस्ताच नव्हता. मी ऑफिसला, घरी फक्त आई. सगळा हॉल भरला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली. काकू काही बोलल्या नाहीत पण मला अजून त्यांच्यासमोर जायला अवघड वाटतं.

म्हणून आता तो बॉक्स काढून मागच्या काचेला वरच्या बाजूला भोक पाडून कायमचा ओव्हरफ्लो करायचा असं ठरवलंय. घरी बाबांची जुनी वायरवाली ड्रिल मशीन आहे, हॅमरवाली. होल सॉ (गोल भोक कापायचं बिट) ऑनलाइन मिळतोय. काचेला आयुष्यात कधी हात लावलेला नाही. तर १) घरी जमेल का, की दुकानात न्यावी, २) होल किती मोठं आणि काठापासून किती लांब, ३) काच तडकू नये म्हणून नक्की काय करायचं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा.

संथ_पाणी
दादा, ड्रिल आधी बाजूला ठेवा. पहिला प्रश्न एकच, काच प्लेन आहे का टफन? टफन असेल तर तिला बिट लागला की संपलं, तडा वगैरे नाही, पूर्ण काचेचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे होऊन खाली. टफन काच भट्टीत ६०० डिग्रीच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते, त्यामुळे बाहेरचा थर दाबाखाली आणि आतला ताणाखाली असतो, तो आतला थर उघडा पडला की सगळा ताण एकदम सुटतो. कितीही हळू करा, कितीही पाणी घाला, काही फरक पडत नाही. बऱ्याच तयार टाक्यांना बाकी काचा प्लेन आणि तळ टफन असतो, तुमची सेकंडहँड आहे म्हणजे माहिती अर्धवटच असणार.

तपासायला पोलराइज्ड गॉगल घ्या आणि लॅपटॉप. स्क्रीन पूर्ण पांढरी करा, गॉगल डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात स्क्रीन काळी होईल (होत नसेल तर गॉगल पोलराइज्ड नाहीये, दुसरा आणा). आता त्याच कोनात गॉगल धरून स्क्रीन आणि गॉगलच्या मधे टाकीची काच येईल असं बघा. प्लेन काच असेल तर काळं ते काळंच राहतं. टफन असेल तर कडेला, कोपऱ्यात पांढुरके किंवा रंगीत पट्टे, ठिपके दिसतात. रिकाम्या टाकीत लॅपटॉप ठेवून बाहेरून बघता येतं. शिवाय कोपऱ्यात कोरलेला शिक्का आहे का तोही बघा. बघून सांगा मग पुढचं लिहितो.

गप्पी_पुणेकर
दादा थँक्यू, काल रात्री बसून केलं. मासे मोठ्या टबात हलवलेत, फिल्टर चालू आहे. मागची काच चारही कोपऱ्यांत बघितली, एकदम काळी, काहीच नाही. दोन्ही बाजूंच्या पण तशाच. तळाला मात्र कडेने इंद्रधनुष्यासारखे पट्टे आणि मधे ढगासारखं काहीतरी दिसलं!! आधी माझा विचार तळातूनच होल काढायचा होता कारण मागे भिंत जवळ आहे. अंगावर काटा आला खरंच.

संथ_पाणी
बरं झालं बघितलंत. तळाला हात लावायचा नाही, विषय संपला. मागच्या काचेला करू.

आता सावकाश वाचा. सगळ्यात आधी टँक कनेक्टर (भोकात बसवून पाइप जोडायचं फिटिंग) विकत आणा, होल सॉ नंतर. कारण एक इंची कनेक्टर म्हणजे होल एक इंचाचं नसतं, साधारण ४४-४५ एमएमचं लागतं, आणि प्रत्येक कंपनीचं एखाद-दोन एमएमने वेगळं असतं. कनेक्टरच्या आट्यांच्या भागाला व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावा, त्यात एक-दीड एमएम मिळवा, तो तुमचा साइज. जास्त मोठं झालं तर गॅस्केटला (रबरी चकतीला) बसायला काच उरत नाही.

जागा. भोकाची कड आणि काचेची कड यात कमीत कमी भोकाच्या व्यासाइतकं अंतर पाहिजे. ४५ चं भोक म्हणजे कडेपासून सेंटरपर्यंत ४५ अधिक साडेबावीस, म्हणजे साडेसदुसष्ट एमएम, तुम्ही ७ सेंटीमीटर धरा. दोन भोकं मारा म्हणजे मारा, एक नेहमीचं आणि एक इमर्जन्सीचं, त्या दोघांच्या मधे पण ४५ ची काच उरली पाहिजे म्हणजे सेंटर ते सेंटर ९ सेंटीमीटर, जास्त घेतलं तर उत्तमच. भोक ७ सेंटीमीटर खाली आलं म्हणून पाणी तेवढं खाली राहील असं नाही, आतून एल्बो (काटकोनात वळलेला पाइप) वरच्या दिशेने लावायचा, पाण्याची लेव्हल एल्बोच्या तोंडावर ठरते. इमर्जन्सीचा एल्बो दीड-दोन सेंटीमीटर उंच ठेवा. तोंडाला जाळी लावा, ओरांडाला जोरात पोहता येत नाही.

मशीन. बाबांची हॅमरवाली असेल तर हॅमर बंद आहे हे दोनदा बघा, एक ठोका बसला तरी काच गेली. खरं सांगू का, कोणाकडून कॉर्डलेस मागून आणा. एक तर स्पीड आवरतो, आणि दुसरं म्हणजे तुम्ही पाण्यात काम करणार आहात आणि हातात २३० व्होल्ट. वायरवालीच वापरणार असाल तर ३० मिलीअँपियरच्या आरसीसीबीवरच्या (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सॉकेटला लावा आणि वायर वरून घ्या, जमिनीवरून नाही. स्पीड ४५ च्या सॉला साधारण ४००-५०० आरपीएम, म्हणजे सॉ फिरताना डोळ्याला दिसला पाहिजे इतकं हळू.

टाकी पुढच्या काचेवर पालथी घाला, खाली थर्माकोल आणि वर गादी, म्हणजे मागची काच वर आडवी येईल. रिकामी टाकीच पासष्ट किलोच्या आसपास भरेल, तीन माणसं लागतील. आणि टाकीच्या आत, भोकाच्या बरोबर खाली, जाड गोधडी घडी करून ठेवा!! कापलेली काचेची चकती खाली पडते आणि खाली तुमची पुढची काच असते. हे फार कमी लोक सांगतात. आतल्या बाजूने भोकाच्या जागेवर मास्किंग टेपचे तीन-चार थर पण लावा, चकती धरून ठेवायला आणि कपच्या कमी उडायला.

काच गुळगुळीत असते, सॉ सुरुवातीला नाचतो आणि भलतीकडेच ओरखडे. १२ एमएम प्लायवूडचा तुकडा घ्या, त्याला लाकडाच्या होल सॉने ४५ चं भोक पाडा (काचेचा सॉ लाकडावर वापरू नका, त्याच्या डायमंडच्या थरात भुसा भरतो) आणि तो प्लाय डबल टेपने काचेवर चिकटवा. भोवती कणकेचं आळं करा, झाडाला करतो तसं, आणि त्यात पाणी भरून ठेवा. पाणी दुधासारखं झालं की स्पंजने काढा, नवीन घाला.

दाबायचं नाही. मशीनचं स्वतःचं वजन पुरतं. वीस-तीस सेकंद चालवा, उचला, पाणी आत जाऊ द्या, परत. १० एमएमला पंधरा मिनिटं लागली तर बरोबर चाललंय. पाच मिनिटात झालं तर तुम्ही दाबताय. शेवटच्या दोन एमएमला मशीन जवळजवळ हातात तोलून धरा, कारण आतल्या बाजूच्या कपच्या तिथेच उडतात आणि गॅस्केट नेमकं तिथेच बसणार असतं.

आणि हो, ग्लासवाल्याकडून १० एमएमची रद्दी काच आणा, त्यात दोन-तीन भोकं पाडा, मगच टाकीला हात लावा. चष्मा घाला. तो ओला पांढरा गाळ वाळू देऊ नका, काचेचा भुगा आहे तो, फुफ्फुसात जायला नको.

कोल्हापूरची_मत्स्यप्रेमी
संथ_पाणी दादांनी सगळं लिहिलंय, मी फक्त माझं काय चुकलं ते सांगते म्हणजे कोणाचं परत होऊ नये. माझी ३ फुटी होती, ८ एमएम. मी पाणी घातलं होतं पण आळं वगैरे काही नाही, मिस्टर वाटीने वरून ओतत होते आणि मी मशीन धरलेलं. सहा-सात मिनिटं छान चाललं, मग हात भरून आला म्हणून मी अंग टाकून दाबायला लागले, आणि त्याच वेळी मिस्टर पाणी आणायला आत गेले. अर्धं मिनिट. तेवढ्यात खालून वास आला गरम झाल्यासारखा आणि टक्क करून बारीक आवाज, एखाद्या नखाने ताट वाजवावं तसा. बघितलं तर भोकापासून वरच्या काठापर्यंत केसासारखी रेघ. पाणी त्या रेघेत शिरून चमकत होतं. मला वाटलं ओरखडा असेल, बोट फिरवलं तर नख अडकलं.

तर माझं म्हणणं, माणसं दोन हवीतच पण दुसऱ्याने जागा सोडायची नाही. आणि हात दुखला की थांबा, चहा प्या, काच कुठे पळून जात नाही. मी वरच्या काठापासून भोक फक्त ३ सेंटीमीटरवर घेतलं होतं, तेही नडलं असणार. ती टाकी मग एका कासवासाठी अर्धी पाण्याने वापरली पण माझ्या मनातून ते अजून जात नाही.

गप्पी दादा, काकूंना एकदा सांगा की तुम्ही हे कायमचं नीट करताय. त्यांना बरं वाटेल.

मेकॅनिकल_सर
ताई, तुमचा तडा काठाकडेच का गेला याचं कारण आहे. गोल भोकाच्या कडेला ताण वाढतो, मोठ्या पत्र्याला एका दिशेने ओढलं तर भोकाच्या कडेला तो तिप्पट होतो, हे जर्मन इंजिनिअर किर्शने १८९८ मध्ये गणिताने दाखवलंय. लोखंड अशा वेळी थोडं ताणलं जाऊन सावरतं, काच सावरत नाही, तिला तेवढी लवच नाही. आणि भोक काठाच्या जवळ असेल तर मधल्या अरुंद पट्टीत ताण आणखी वाढतो. दुसरं, काचेची खरी ताकद तिच्या पृष्ठभागावरच्या सगळ्यात मोठ्या भेगेवर ठरते, इंग्लिश इंजिनिअर ग्रिफिथचं १९२१ चं काम काचेवरचंच आहे. म्हणून भोक पाडून झाल्यावर कडेला राहिलेल्या बारीक कपच्यांकडे दुर्लक्ष करू नका. काळा वॉटर पेपर २२० नंबरचा, पाण्यात भिजवून, बोटाला गुंडाळून दोन्ही बाजूंची धार हलकी मोडा, मग ४००. पाच मिनिटांचं काम आहे पण भोकाचं आयुष्य त्यावर आहे.

काचकाम_नाशिक
आमचं काचेचंच दुकान आहे म्हणून बोलतो. आमच्याकडे स्टँडवरची मशीन असते, अर्धं भोक एका बाजूने आणि अर्धं दुसऱ्या बाजूने मारतो, त्यामुळे कपची उडतच नाही म्हटलं तरी चालेल. पण ते सुट्या काचेला. जोडलेली टाकी कोणी घेऊन आलं तर बरेच दुकानदार नाही म्हणतात आणि बरोबरच आहे, फुटली तर वाद कोणी घालायचा. त्यामुळे ज्यांना नवीन टाकी करायचीय त्यांनी काच कापतानाच भोकं मारून घ्या, खर्च किरकोळ वाढतो. टफन पाहिजे असेल तर भोक आधी, टफन नंतर, उलट होत नाही. गप्पी दादा तुमच्यासाठी हाताने करणं हाच मार्ग आहे, फक्त सॉ चांगला घ्या. स्वस्तातले जे येतात त्यांच्यावर डायमंडचा एकच पातळ थर असतो, १० एमएमची तीन-चार भोकं झाली की घासत बसतात, आणि घासायला लागला की माणूस दाबतो. रद्दी काचेवर प्रॅक्टिस एका सॉने करा आणि टाकीसाठी नवा काढा.

गप्पी_पुणेकर
मंडळी झालं!! दोन्ही भोकं झाली, काच शाबूत आहे.

शनिवारी रद्दी काचेत तीन पाडली. पहिल्याला आतून रुपयाएवढी कपची उडाली कारण शेवटी घाई केली, तिसरं मस्त आलं. रविवारी मित्राचं कॉर्डलेस आणलं, तिघांनी टाकी खाली पार्किंगमध्ये नेऊन गादीवर पालथी घातली. कणीक आईने मळून दिली, घट्ट. पहिलं भोक अठरा मिनिटं, दुसरं सोळा. सुरुवातीला खर्र खर्र आवाज येतो, तो ऐकून छातीत धडधड होते, पण सॉ एकदा एमएमभर आत बसला की आवाज बदलतो, जात्यासारखा एकसारखा घरघर यायला लागतो. मग कळायला लागतं की पाणी कमी पडलं की आवाज कोरडा होतो. मित्र आळ्याजवळून एकदाही हलला नाही, ताईंची पोस्ट त्याला आधीच वाचायला दिली होती. शेवटी टेपखाली चकती सैल होऊन थोडी फिरली तसं मशीन उचललं आणि उरलेलं अगदी हवेत धरल्यासारखं केलं. चकती टेपलाच लटकून राहिली, दुसरी मात्र गोधडीवर पडली. गोधडी नसती तर काय झालं असतं हा विचार पण करवत नाही. वॉटर पेपर मारला सरांनी सांगितल्यासारखा, बोट फिरवलं तर कुठे टोचत नाही.

आता एक अडचण. कनेक्टर बसवले, पार्किंगमध्येच पाणी भरलं, अर्धं भरून थांबलो मग भोकांच्या वर नेलं. एक एकदम कोरडा. दुसऱ्यातून मिनिटाला एखादा थेंब येतोय. नट अजून आवळू का? सिलिकॉन लावू का?

संथ_पाणी
वा!! अभिनंदन, मनापासून. पण नट अजिबात आवळू नका, इथपर्यंत येऊन काच तिथेच जाते. हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, त्यापुढे नाही. पाणी खाली घ्या आणि दोन गोष्टी बघा. गॅस्केट टाकीच्या आतल्या बाजूला, कॉलरच्या खाली आहे का? बरेच जण बाहेर नटाखाली घालतात, मग पाणी आट्यांमधून चालत येतं. दुसरं, आतून त्या जागेवर जुन्या सिलिकॉनचा पापुद्रा किंवा क्षाराचा पांढरा थर असेल, ब्लेडने साफ करा आणि व्हिनेगरने पुसा. गॅस्केटला सिलिकॉन लागत नाही. आणि नट सोडताना फिरत नसेल तर जोर लावू नका, काही कनेक्टरना उलटे आटे असतात, दुसऱ्या दिशेने फिरवून बघा.

आणखी एक, रिटर्न पाइपला (पंपाचं पाणी वर आणणाऱ्या) पाण्याच्या लेव्हलच्या लगेच खाली ३-४ एमएमचं भोक पाडायला विसरू नका, नाहीतर लाइट गेली की तोच पाइप उलटा सायफन होऊन पाणी खाली आणेल. तुमच्या टाकीत १ सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ साडेपाच लिटर. ३ सेंटीमीटर उतरलं तर १६ लिटर, आणि २ बाय १ फुटाच्या संपमध्ये तेच ९ सेंटीमीटर चढतं. कप्पे असतील तर पंपाच्या बाजूला आणखी जास्त. संप वरून १५ सेंटीमीटर मोकळा ठेवा, टेपने खूण करा. ते छोटं भोक शेवाळाने बुजतं, पाणी बदलताना दर वेळी काडी घालून बघायचं.

गप्पी_पुणेकर
गॅस्केट आतच होतं पण खाली जुन्या सिलिकॉनची नखाएवढी कपची अडकली होती. साफ केलं, परत बसवलं, खाली टिश्यू पेपर लावून दोन दिवस ठेवलं, दोन्ही कोरडे. मग टाकी वर नेली, पाणी मुरवलं, चार दिवसांनी मासे सोडले.

काल गुरुवार. मुद्दाम सुट्टी घेतली होती. दहा वाजता लाइट गेली, मी आणि आई संपसमोर खाली बसून बघत होतो. पाणी चढत चढत संपच्या काठाच्या दोन बोटं खाली येऊन थांबलं. दुपारी अडीचला लाइट आली, पंप चालू झाला, वरची लेव्हल एल्बोच्या तोंडाशी आली आणि खळखळ सुरू झाली. इमर्जन्सीच्या एल्बोतून एक थेंबही गेला नाही. संध्याकाळी आईने खालच्या काकूंना वर बोलावलं, त्यांनी बराच वेळ ओरांडा बघितले.